लक्षणं: काही नाही

६ जानेवारी, सोमवार

ही वही फुकट मिळाली. छातीच्या रोगांच्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं रक्ताच्या काचा तपासून मला फुकट मिळालेल्या वस्तू दोनच: पाठदुखी आणि ही वही. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेत. खोकला, ताप, वजन, भूक, शेरा. सहा महिने रोज भरायचे. खाली अर्धं पान कोरं. ते कशाला, म्हणून विचारलं तर विदुषी म्हणाली, "काही सांगावंसं वाटलं तर लिहा ना, काका." सत्तावीस वर्षांत या इमारतीत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आता भोगा म्हणावं.

विदुषी म्हणजे संशोधनाला आलेली नवी डॉक्टर. वय तिशीचं, डिग्र्या चार, आणि समोरच्याला काका म्हणून एका फटक्यात म्हातारा करण्याचं कसब. तिचा प्रश्न साधा आहे. आम्ही बत्तीस कर्मचारी एकच हवा खातो, पेशंट आमच्या सगळ्यांच्या तोंडावर सारखेच खोकतात, तरी एखाद्यालाच टीबी होतो आणि बाकीचे ठणठणीत निवृत्त होतात. असं का? तिच्या मते उत्तर पांढऱ्या पेशींत आहे. जंतू बाहेरचा, पण कडी काढणारे घरचेच. हे ऐकून मोठ्या डॉक्टरांची कळी खुलली. दोष हवेत नसून कर्मचाऱ्याच्या रक्तात आहे, हे कुठल्या साहेबाला गोड वाटणार नाही? उघडणाऱ्या खिडक्या बसवा, हा आमचा अर्ज सहा वर्षं त्यांच्या टेबलावर विश्रांती घेतोय.

तर, दर पंधरा दिवसांनी सोमवारी सगळ्यांचं रक्त. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कुणाचा ती यादी पाकिटात बंद, पाकीट मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात, सहा महिने. पेशी नवं मशीन मोजणार, आणि मशीनवर विसंबायला नको म्हणून शिवाय हातानं मी मोजणार. मी म्हटलं, अहो, माझीही नळी त्यातच, मोजणाऱ्यालाच मोजायचं? तर म्हणे नंबर आहेत ना, तुम्हाला कळणारच नाही.

टोचून घ्यायला मी शेवटचा. लाखभर लोकांचं रक्त पाहिलं, स्वतःचं कधी नाही. माझ्या गुरूंचा नियमच होता: घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, डोळा खोटं बोलतो. म्हणून हिचं आणि लेकीचं रक्त कायम दुसऱ्या लॅबमध्ये गेलं. माझं जायचा प्रश्नच आला नाही, कारण सुई दिसली की मी दिसेनासा होतो. आज वॉर्ड झाडणाऱ्या मावशीनं माझा खांदा दाबून धरला आणि म्हणाली, "भाऊ, खिडकीबाहेर बघा." आमच्या खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासलेला आहे. तरी बघितलं.

खोकला: नाही. ताप: नाही. वजन: बहात्तर. भूक: हिला विचारा. शेरा: काही नाही. छातीचा एक्स-रेही काढला. आरशासारखा स्वच्छ.

८ जानेवारी, बुधवार

मोजणी संपली. एका काचेवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. प्रत्येक जातीला मोजणीयंत्रावर वेगळी कळ, शंभर झाल्या की घंटा वाजते. बत्तीस घंटा ऐकल्या की माणसाला आपण शाळेचे शिपाई असल्यासारखं वाटतं.

विदुषीला वाटतं मला पेशींचं शास्त्र माहीत नाही, फक्त तोंडवळा माहीत आहे. तोंडवळा पुरतो. न्यूट्रोफिल: संख्येनं सर्वांत जास्त, कुठे खुट्ट झालं की पहिले धावतात आणि चोरापेक्षा घराचीच मोडतोड जास्त करतात. लिम्फोसाइट: गोल, गंभीर, सही केल्याशिवाय काही हलू देत नाहीत. मोनोसाइट: रक्तात अजागळ फिरतात, फुप्फुसात उतरले की मॅक्रोफेज होतात, म्हणजे अट्टल खादाड. दिसला जंतू की गिळ. टीबीच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. खादाड त्याला गिळतो आणि पचवायचं विसरतो. मग तो आत ठाण मांडतो, वर्षानुवर्षं, घरमालकाच्याच ताटात जेवणाऱ्या भाडेकरूसारखा. लिम्फोसाइटनं हुकूम पाठवला तरच खादाड त्याला पचवायला घेतो. म्हणून विदुषी दोघांचं प्रमाण बघते. सहा मोनोसाइटला तीस लिम्फोसाइट, हे सुखी घर. खादाड वाढले आणि हुकूम देणारे घटले की दार मोडकं समजायचं. आमच्या कार्यालयात हे प्रमाण मी नोकरीला लागलो तेव्हाच बिघडलेलं होतं.

एक मौज. सतरा नंबर. न्यूट्रोफिलच्या पोटातलं केंद्र एरवी तीन-चार मण्यांच्या माळेसारखं दिसतं. सतराचे सगळेच्या सगळे दोनच मण्यांचे, मध्ये बारीक तार. हुबेहूब नाकावरचा चष्मा. सत्तावीस वर्षांत हे मी तिसऱ्यांदा पाहिलं. रोग नाही, अपाय नाही, जन्मजात ठेवण आहे, आईबापांकडून येते. मशीनला अर्थात हे ठाऊक नाही. त्यानं कागदावर 'कच्च्या पेशी, संसर्गाचा संशय' असा ठणाणा केला. या मशीनला मी जावई म्हणतो: एसी फक्त त्याच्याच खोलीत, धूळ लागली तर सगळे हवालदिल, आणि चुकलं तरी कुणी बोलत नाही. जावयाचं खोडून मी लिहिलं: चष्मिस. बाकी सहाला तीस. सुखी घर.

लक्षणं: काही नाही.

१५ जानेवारी, बुधवार

रकाना भरण्याचं खरं शास्त्र आज कळलं. नोंदणीच्या कारकुनानं भोळेपणानं 'खोकला: थोडा' असं लिहिलं. झालं. पुन्हा एक्स-रे, दोन दिवस सकाळची थुंकी डबीत, विदुषीचे चाळीस प्रश्न, आणि कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची आठवडाभर मोकळी. निघालं काय, तर घसा बसलेला. तेव्हापासून बत्तीसच्या बत्तीस वह्यांत नाही, नाही, नाही. रोज पन्नास पेशंटांना आम्ही सांगतो की यात लाज कसली, हा बरा होणारा आजार आहे. आमची गोष्ट वेगळी. आम्ही सांगणारे.

माझ्याही घशात खवखव आहे, पण ती काचा रंगवायच्या बाटलीतल्या स्पिरिटची. त्यासाठी रकाना नाही.

२२ जानेवारी, बुधवार

दुसरी फेरी. चष्मिस आठला सत्तावीस. एवढं तेवढं चालतंच.

ही म्हणते शर्ट खांद्यावरून उतरतोय, जेवण निम्म्यावर आलंय. मी म्हटलं, निम्म्या जेवणात तुझंच कौतुक आहे, पहिल्या घासातच पोट भरतं. तिला विनोद कळत नाही. पट्ट्याला आत एक भोक पाडून घेतलं. या वयात लोक बाहेरच्या भोकाकडे जातात. माझी प्रगती उलट दिशेनं चालू आहे आणि कौतुकाचा शब्द नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

चष्मिस दहाला चोवीस.

ही काच मी दोनदा मोजली. नंतर चहा घेऊन तिसऱ्यांदा. एकतीस लोक जागच्या जागी आहेत आणि एकाच्या घरात खादाडांची भरती चालू आहे. काचेला तोंड नसतं, पण मला हा माणूस आता ओळखीचा वाटायला लागलाय. साधा, चष्मा लावून गुपचूप बसलेला, आपल्या पोटात काय शिजतंय याचा पत्ता नसलेला. मूर्खच असणार.

कोण असेल? दुपारी जिन्यात मावशी भेटली. बादली खाली ठेवून खोकत होती. अंगावर मांस नाही, हाडं मोजून घ्यावीत. डोक्यात घंटा वाजली, शंभरावी. दुसरं कोण असणार? सगळ्यांत जास्त थुंकी तीच पुसते, सगळ्यांत कमी तीच खाते. मी म्हटलं, मावशी, जेवता काय? म्हणाली मिळेल ते. मी म्हटलं, खोकला वहीत लिहिलात का? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा ठरलो. वही तिच्या नातवानं चित्रं काढायला घेतलीय.

उद्यापासून डब्यात चार अंडी घेऊन येणार, तिच्यासाठी. हिला सांगितलं की मला भूक लागते. बिचारीचा चेहरा उजळला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशी अंडी नको म्हणत होती. मी माझा ठेवणीतला आवाज काढला: गपचूप खा, वाद नको. अंडी खाल्ली. माझी पोळीभाजीही तिलाच दिली, मला हल्ली दुपारी अन्नाचा वासच सोसत नाही. कॅन्टीनमधलं तेल बदललं असावं.

पहाटे बनियन भिजून निघालं. ही जाड पांघरूण घालते आणि वर विचारते घाम का येतो.

लक्षणं: काही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन बातम्या. पहिली: लेक आणि नात घरी आल्या. खरा जावई (एसी नसलेला) तीन महिने परगावी ट्रेनिंगला, म्हणून. त्यांना आणायला मी काल रजा टाकली. नात सात महिन्यांची, दात अडीच. अर्धा कुठला म्हणून विचारू नये, तो येतोय. मला बघून रडली नाही. या गावात माझ्याकडे बघून प्रसन्न होणारं ते दुसरं माणूस. पहिलं कोण ते अजून सापडायचंय. संध्याकाळी सहाला मी आरामखुर्चीत पडलो की लेक तिला माझ्या छातीवर ठेवते आणि पाच मिनिटांत ती झोपते. लेक म्हणाली, "बाबा, तुमची छाती मस्त ऊबदार लागते तिला. माझ्याकडे अशी झोपत नाही." म्हटलं, आहेच मुळी माणूस ऊबदार, लोकांना उशिरा कळतं.

दुसरी बातमी: आज कालच्या नळ्यांचा ट्रे बघितला, तर दोन भोकं रिकामी, त्यातलं एक सतरा नंबरचं. नळीच नाही. म्हणजे काल सतरा नंबर गैरहजर. चौकशी केली. मावशी काल बहिणीच्या ऑपरेशनला गेली होती. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोर्टातही मिळत नाही. हजेरीपटावर गैरहजर माणसं एकूण दोनच: मावशी आणि मी.

अंडी चाराची पाच केली.

५ मार्च, बुधवार

चष्मिस बाराला वीस.

आज न राहवून विदुषीच्या खोलीत गेलो. म्हटलं, मॅडम, सतरा नंबरला बोलावून घ्या.

"काका, हा आकडा आहे, निदान नाही. प्रमाण बिघडलं म्हणजे आजार झालाच असं अजून कुणालाच म्हणता येत नाही. तेच तर शोधतोय. आणि पाकीट आत्ता उघडलं तर सगळा अभ्यास वाया जाईल."

"आणि माणूस वाया गेला तर?"

तिनं पेन खाली ठेवलं. मुलगी वाईट नाही. मग म्हणाली, "आकड्याच्या आधी लक्षण बोलेल, काका. दर सोमवारी मी प्रत्येकाला विचारते, वहीत काही आहे का. एक जरी रकाना भरला तरी त्याच दिवशी एक्स-रे."

"लोक खोटं लिहितात."

"स्वतःच्याच जिवाशी? असं कोण करेल?"

चार डिग्र्या आणि हा भाबडेपणा. मला हसू आलं. हसता हसता जो ठसका लागला तो दोन मिनिटं थांबेना. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली. मी म्हटलं, स्पिरिट. ती म्हणाली, तुमच्या खोलीला पंखा मागून घेऊया. पंखा नको, हल्ली संध्याकाळी पंख्याखाली मला हुडहुडी भरते.

१३ मार्च, गुरुवार

मावशी सुधारली. गाल वर आले, खोकला गेला. फरशी पुसायचं नवं औषध तिच्या छातीत जात होतं, ते मी भांडून बदलून घेतलं. आता ती जिना एका दमात चढते. मी दोन ठिकाणी थांबतो, पण मी काचा घेऊन चढतो.

आज डबा परत देताना म्हणाली, "भाऊ, सगळं मला देता, तुम्ही काय खाता?" मी म्हटलं, हवा. म्हणाली, "मग ती तुम्हाला मानवत नाही."

गरिबाला चार अंडी घातली की तो लगेच डॉक्टर होतो.

१९ मार्च, बुधवार

चष्मिस चौदाला सतरा.

हे शक्य नाही. मावशी फुगतेय आणि तिची काच ढासळतेय. शास्त्राला चकवायची एवढी अक्कल या बाईत असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी हाताला धरून तिला एक्स-रेला नेलं, तिथल्या माणसाला माझी जुनी मेहेरबानी आठवून दिली. एक्स-रे स्वच्छ. आरशासारखा. वर तो मला म्हणतो, तुमचाही काढू का, आलाच आहात तर. म्हटलं, फुकट मिळतंय म्हणून विषही खाऊ का?

मग सतरा कोण? बत्तीस जणांची यादी घेऊन बसलो. एकेकाच्या नावासमोर खाणाखुणा केल्या. कारकून? वजन वाढलंय. मोठे डॉक्टर? त्यांच्यात जंतू टिकणार नाही, उपासमारीनं मरेल. एकतीस नावं तपासून झाली. एकही बसत नाही. डोकं दुखायला लागलं म्हणून यादी मिटली.

नात आज छातीवरच दीड तास झोपली. तिला थोडी सर्दी आहे.

२४ मार्च, सोमवार

नातीला दोन दिवस ताप. शेजारच्या इमारतीतल्या बाळांच्या डॉक्टरकडे नेलं. रक्त काढलं, तिकडच्या मशीनमध्ये घातलं. तिकडचाही जावईच. कागदावर छापून आलं: कच्च्या पेशी भरपूर, गंभीर संसर्गाचा संशय. डॉक्टर म्हणाले, रक्तात विष पसरलेलं असू शकतं, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा, पण आधी कुणीतरी काच डोळ्यांनी बघा. त्यांची टेक्निशियन रजेवर. काच माझ्याकडे आली.

गुरूंची क्षमा मागून बघितली.

पहिला न्यूट्रोफिल. चष्मा. दुसरा, चष्मा. दहा, वीस, तीस. सगळे चष्मे लावून बसलेले. खुर्चीतून ओरडलो असतो, एवढा आनंद झाला. कच्च्या पेशी नाहीत, विष नाही, जन्माची ठेवण आहे. धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, बरं झालं, डोळ्यांचा माणूस होता. मग सहज विचारलं, कुणाकडून आलं? लेकीच्या बोटाला टोचून तिथंच काच केली. तिचेही चष्मे.

"आणि हिला कुणाकडून?" डॉक्टर म्हणाले. सहज. कागद लिहिता लिहिता.

आमच्या हिच्याकडूनही आलं असेल. पण ही बत्तिसांत नाही.

मी म्हटलं, बघून सांगतो. आणि खाली आलो. सुईची गरज नव्हती. आमच्या वॉर्डच्या काट्यावर उभा राहिलो. त्रेसष्ट.

मग ही वही काढून पहिल्या पानापासून वाचली. तीन महिने नुसती लिहिली होती.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी विदुषीला सांगितलं, सतरा नंबर सापडला. पाकीट उघडू नका, अभ्यास वाया जाईल. तिला आधी वाटलं मी मावशीबद्दल बोलतोय. मग माझ्याकडे नीट बघितलं, जानेवारीपासून पहिल्यांदाच असावं. नाही, तसं नाही. दर सोमवारी ती विचारत होती, मीच काहीतरी विनोद करत होतो.

एक्स-रे: उजव्या बाजूला वर पोकळी, लिंबाएवढी. थुंकी: जंतू भरपूर. ती काच माझ्या टेबलावर, माझ्याच मायक्रोस्कोपखाली दुसऱ्या टेक्निशियननं बघितली. मला बघू दिली नाही.

विदुषीनं वही मागितली. दिली. खुर्चीत बसून तिनं सगळी वाचली. सुरुवातीला दोनदा हसली. मग हसली नाही. बारा फेब्रुवारीचं पान तिनं परत उलटून बघितलं. शेवटी म्हणाली, "लक्षणं सगळी आहेत, काका. रकाने सोडून सगळीकडे."

मी म्हटलं, तुम्ही खाली जागाच एवढी ठेवलीत.

ते काही बरं बोललो नाही.

२७ मार्च, गुरुवार

मागच्या वॉर्डच्या टोकाची खोली. पंधरा दिवस तरी इथंच, औषधांनी जंतू थंडावेपर्यंत. खाट, स्टूल, पांढरा रंग फासलेली खिडकी. सकाळी मूठभर गोळ्या. त्यांनी लघवी लाल होते. हे मी हजारो लोकांना 'घाबरू नका' म्हणून सांगितलंय. आज सकाळी मी घाबरलो.

ही दारात उभी राहिली, तोंडावर मास्क. शर्टाबद्दल एक शब्द नाही, पांघरुणाबद्दल नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचाही एक्स-रे झाला, लेकीचाही. दोघी ठीक. दोघींनी तीच हवा खाल्ली, तेच भांडं, तेच घर. विदुषीला विचारायला हवं, यांच्या खादाडांना पचवायला कुणी शिकवलं.

नातीचं अजून कळलेलं नाही. मोठ्या माणसात जंतू वर्षानुवर्षं गपचूप बसतो. एवढ्याशा बाळात तो बसत नाही. तिच्या पेशी अजून शिकाऊ आहेत, त्यांना हुकूम कुणाचा मानायचा तेच ठाऊक नाही. मेंदूपर्यंत जायला त्याला महिनाही पुरतो. हे मला पुस्तकातून नाही, काचांवरून माहीत आहे. पाच आठवडे, रोज संध्याकाळी, सहा वाजता.

लेक आली तेव्हा दाराबाहेरूनच बोलली. एकच प्रश्न.

"बाबा, तुम्हाला खोकला कधीपासून आहे?"

मला तारीख माहीत होती. लिहिलेली आहे. पंधरा जानेवारी.

३० मार्च, रविवार

नातीचा एक्स-रे झाला. दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी तोंड उघडून फोटोवाल्याकडेच बघत होती म्हणे. सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी तपासायला काढलं, कारण बाळं थुंकत नाहीत, गिळतात. तिला नळी घालताना लेकीला बाहेर थांबवलं होतं. हे मला मावशीनं सांगितलं. लेकीनं नाही.

हातावर टोचून चाचणीही केलीय, ती परवा वाचतील.

मोठे डॉक्टर आले. दारातूनच म्हणाले, "तुमच्यामुळे आमच्या अभ्यासाला फार मोलाचा पुरावा मिळाला." मी म्हटलं, साहेब, खिडकी? म्हणाले, तो विषय वेगळ्या विभागाचा.

आज लिहायला काही सुचत नाही. माझ्याबाबतीत हे लक्षण म्हणून नोंदवायला हरकत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

एक्स-रे स्वच्छ. हातावर काही उठलं नाही. पोटातल्या पाण्यात पहिल्या तपासणीत काही नाही. पुढच्याला वेळ लागेल. ताप साध्या सर्दीचा होता, तो केव्हाच उतरला.

बाळांचे डॉक्टर स्वतः वर येऊन सांगून गेले. तरी प्रतिबंधाचं औषध सुरू केलंय, सहा महिने, रोज अर्धी गोळी पाण्यात विरघळवून. आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा हातावर टोचून बघणार. म्हणजे सुटलो असं कुणी म्हटलेलं नाही. पण ताप आला नसता तर तिची काच कुणी केली नसती, आणि काच केली नसती तर मी आणखी दोन महिने रोज सहा वाजता आरामखुर्चीत पडलो असतो. एका साध्या सर्दीचे माझ्यावर हे उपकार. आणि जावयाचेही: दोन्ही मशीनं चुकली, म्हणून एक बरोबर झालं.

दुपारी मावशी आली. माझाच डबा, त्यात चार अंडी. मी म्हटलं, मावशी, भूक नाही.

"गपचूप खा," ती म्हणाली. "वाद नको."

दोन खाल्ली. ती उभी राहिली. तिसरंही खाल्लं.

१० एप्रिल, गुरुवार

खोकला: आहे, पंधरा जानेवारीपासून. आता कमी.

ताप: संध्याकाळी यायचा. चार दिवस नाही.

वजन: चौसष्ट.

भूक: लागते. आज मागून खाल्लं.

शेरा: सकाळी मावशी ब्लेड घेऊन आली. खिडकीच्या काचेवरचा रंग खरवडायला तिला अर्धा तास लागला. तळहाताएवढी जागा मोकळी झाली. म्हणाली, भाऊ, खिडकीबाहेर बघा. खाली अंगणात लेक उभी होती, कडेवर नात. लेकीनं तिचा हात धरून वर दाखवला. नातीला मी दिसलो की नाही ठाऊक नाही. तिसरा दात आलाय. तो मला दिसला.